चंद्राची दोन पानं

"इथं काहीतरी नाही," नेर्लेकर सर म्हणाले.

ते आमच्यापैकी कुणाशी बोलत नव्हते. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून पेन्सिलीला टोक करत होते. पीरजादेसाहेब खिडकीपाशी खुर्चीत होते. सरांनी पान मागं उलटलं, पुन्हा पुढं उलटलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक कागदाला लागेल इतके खाली वाकले.

"काय झालं, प्रोफेसरसाहेब?"

"हा माणूस पानाच्या शेवटी म्हणतो, आता मी माझं मत सांगतो. आणि पुढचं पान सुरू होतं तेव्हा त्याचं मत सांगून झालेलं आहे. मधलं गेलं कुठं?"

ही गोष्ट १९८४ च्या नाताळच्या सुट्टीतली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि जुन्नरच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होते. नेर्लेकर सर पुण्याहून आले होते. अरबी आणि फारसी शिकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पीरजादे घराण्याच्या ग्रंथसंग्रहात आकाशाच्या गणितावरचं एक अरबी हस्तलिखित आहे असं कळल्यापासून त्यांनी पत्रांवर पत्रं लिहिली होती, तेव्हा कुठं ते पाहायची परवानगी मिळाली. मूळ ग्रंथ दुसऱ्याच कुणाचा, आणि ही त्यावरची टीका. चारशे वर्षांपूर्वी महमूद नावाच्या माणसानं लिहिलेली. पहिल्याच पानावर त्यानं स्वतःला 'जुन्नरी' म्हणवून घेतलं होतं, त्याचं सरांना फार अप्रूप. ग्रह कसे फिरतात, वर्तुळावर कुठलं वर्तुळ बसवलं म्हणजे डोळ्यांना दिसतं ते हिशेबात बसतं, असा सगळा विषय. आत एक्केचाळीस आकृत्या होत्या. सरांचा हात थरथरायचा. आकृत्या उतरवून द्यायला भूमिती येणारं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा पीरजादेसाहेबांनी माझं नाव सांगितलं.

माझं नाव जैबुन्निसा कागदी. मला अरबी येत नव्हतं. लहानपणी उस्तानीबींकडे कुराण वाचायला शिकले होते, त्यामुळं अक्षरं येत होती आणि शब्द मोठ्यानं वाचता येत होते. अर्थाच्या नावानं शून्य. पण आकृतीतल्या बिंदूंची नावं उतरवायला तेवढं पुरे होतं. आम्ही शाळेत अ, ब, क, ड म्हणतो तसं त्या लोकांचं अलिफ, बे, जीम, दाल.

आणि दुसरं कारण म्हणजे माझे वडील. त्या संग्रहातलं एकही पुस्तक असं नव्हतं, की ज्याची जिल्द दस्तगीर कागदींच्या हातची नाही. आमच्या घराण्यात पूर्वी कागद बनवायचे, ते बंद पडल्यावर आजोबांपासून पुस्तकं बांधायला लागले. ओतूर, घोडेगाव, नारायणगाव, कुठून कुठून लोक पोथ्या, कीर्ददफ्तरं, कुराणं घेऊन अब्बांकडे यायचे. फाटकं पुस्तक हातात आलं की अब्बा आधी ते सावकाश चाळायचे. ओळीवरून बोट फिरवत गप्प व्हायचे. "दस्तगीरभाई वाचल्याशिवाय बांधत नाहीत," असं लोक म्हणायचे. मोडी, उर्दू, अरबी, सगळं. ते ऐकताना माझी मान ताठ व्हायची.

सरांनी आम्हाला जवळ बोलावलं.

"हे बघा. चंद्राचं प्रकरण आहे. जुन्या ग्रीकांनी चंद्राची जी चाल बसवली, तिच्यात चंद्र कुठल्या दिवशी कुठं असणार ते बरोबर येत होतं. पण त्या हिशेबानं अष्टमीचा चंद्र पृथ्वीच्या इतका जवळ येतो, की तो पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळजवळ दुप्पट मोठा दिसायला हवा."

"तसा तर दिसत नाही," मी म्हटलं.

"नाहीच दिसत! कुणालाही अंगणात उभं राहून दिसेल की नाही दिसत. आमचा महमूद तेच म्हणतोय. थोरांच्या ग्रंथात आहे म्हणून मी डोळे मिटणार नाही, मी चाल वेगळी बसवतो. आणि नेमकं तिथं..." त्यांनी दोन पानांच्या मधल्या शिवणीवर बोट ठेवलं. "हा जुडगा मोजा."

हस्तलिखित जुजांचं बनतं. पानं मधोमध दुमडून एकात एक घालायची, आणि मधून दोरा घ्यायचा. तो एक जुज. इथं प्रत्येक जुज आठ पानांचा होता. मी हा मोजला. सहा भरली.

"मधलं जोडपान गेलं," सर म्हणाले. "म्हणजे दोन पानं. त्यानं आयुष्यात एकच नवी गोष्ट सांगितली असेल, तर ती त्या दोन पानांवर होती."

तेवढ्यात मुनीर सौदागर आत आले. ते संग्रहाच्या विश्वस्त मंडळाचे चिटणीस. नियमाचे कडक, आणि नियम पाळणारे आपण एकटेच आहोत असं वाटणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही शिलाई कधीची?"

पीरजादेसाहेबांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "बासष्ट सालची. वालिदसाहेबांनी दस्तगीरभाईंकडून करून घेतली होती. दोन महिने किताब त्यांच्याकडे होती."

"म्हणजे बासष्ट सालापर्यंत पानं होती की नव्हती, हे एकाच माणसाला माहीत."

"मुनीरमियाँ," पीरजादेसाहेब म्हणाले, "त्यांची मुलगी समोर बसलीय."

"बसू दे की. मी काही वावगं बोलत नाही. चित्रांची जुनी पानं लोक चौकटीत लावतात, परदेशात नेतात. मंडळाची बैठक परवा आहे. मला लिहावं तर लागेलच, की पानं जिल्दसाजाकडून गहाळ झाली. त्यांना बोलवा."

अब्बांना बोलावणं गेलं. ते हातातलं काम टाकून आले असणार, बोटांना लई, म्हणजे चिकटवायची खळ, वाळून पांढरी झाली होती. साठीचे होते, पण पाठीत वाक नव्हता. ग्रंथ समोर उघडा होता. एरवी पुस्तक दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढं जायचा. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात मागं बांधले.

मुनीरभाईंनी विचारलं, "दस्तगीरभाई, ह्यातली दोन पानं कुठं आहेत?"

"एकशे अठरा पानं आली होती, एकशे अठरा परत दिली."

"साक्षीला कोण?"

"ह्यांचे वडील, मोठे पीरजादेसाहेब होते. ते आता नाहीत."

"मग तुमचा शब्दच."

"हो," अब्बा म्हणाले. "माझा शब्दच."

अब्बांनी सलाम केला आणि निघून गेले. मला वाटलं होतं ते चिडतील, चार शब्द सुनावतील. घरी गेले तेव्हा ते ओसरीवर बसून सुरीला धार लावत होते. अम्मीनं दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा तिनं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले. अम्मी म्हणाली होती, कशाला जातेस त्या लोकांत. पण हातात घेतलेलं काम अर्धं टाकायची आमच्या घरात पद्धत नव्हती. शिवाय मनात एक होतं. मी गेले नाही तर मुनीरभाईंना वाटेल, आम्ही तोंड लपवतोय.

सर अजून चंद्रापाशीच अडकले होते. मी पुढचं घेतलं. आकृती पाहायची, कंपासानं अंतरं घ्यायची, कागदावर उतरवायची, बिंदूंना अक्षरं द्यायची. मजकुरातसुद्धा बिंदूंची अक्षरं चटकन सापडायची, कारण लिहिणाऱ्यानं प्रत्येकावर एक आडवी रेघ ओढली होती. अर्थ कळत नसला तरी आकृतीत आहेत तेच बिंदू मजकुरात आहेत ना, एवढं मी ताडून बघत होते. वर्गात मुलांच्या वह्या तपासायची सवय, दुसरं काय.

बुध झाला, शुक्र झाला. टीका संपली आणि पृथ्वीचा घेर कसा मोजावा याची पुरवणी सुरू झाली. तिथं सगळ्या सरळ रेघा. डोंगराचं शिखर, क्षितिज, काठीची सावली. दोन आकृत्या उतरवल्या, पान उलटलं, आणि समोर वर्तुळं आली.

मोठं वर्तुळ, त्याच्या काठावर लहान, आणि त्या लहानाच्या काठावर आणखी एक, बांगडीएवढंही नाही. मी आधी ते बिनडोकपणे उतरवायलाच घेतलं. अलिफ, बे, जीम... शेवटचे दोन बिंदू होते तोय आणि काफ. काफ लिहिलं आणि हात थांबला.

डोंगर मोजायला ही वर्तुळं कशाला?

मी उठले आणि सरांच्या खांद्यावरून चंद्राच्या प्रकरणात डोकावले. जिथं मजकूर तुटला होता त्याच्या पुढच्या पानावर आडव्या रेघांखाली अक्षरं होती, तोय, काफ, पुन्हा तोय. पण त्या प्रकरणातल्या कुठल्याच आकृतीत तोय आणि काफ नव्हते. तिथल्या आकृत्या अलिफपासून झे या अक्षरापर्यंतच जात होत्या, सातच बिंदू.

मी परत येऊन बसले. जुज मोजला. आठ पानं. वर्तुळांची आकृती नेमकी मधल्या जोडपानावर होती. ते जोडपान नसतं, तर सहा.

पानं कुठंही गेली नव्हती. ग्रंथातच होती, साठ पानं पुढं जाऊन बसली होती. मला ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलंसुद्धा होतं, तेवढ्यात दोन पानांच्या घडीतून जाणारा दोरा दिसला. मेण लावलेला, पिवळसर, तिहेरी पिळाचा. लहानपणी मी तो पिळून द्यायची.

अब्बांनी पान चोरलं नव्हतं. पण ते चुकीच्या जागी शिवलं होतं ते अब्बांनीच.

"सर," मी म्हटलं, "मी जरा घरी जाऊन येते."

सरांनी मान वर न करताच हात हलवला.

अब्बा घरापुढच्या दुकानात एकटेच होते. लई आणि मोरचुदाच्या वासात मी वाढले आहे, अजून तो वास आला की मला घरी आल्यासारखं वाटतं. ते पुठ्ठ्यावर कापड ताणत होते. मी समोरच्या पाटावर बसले आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. आकृती, तोय, काफ, सहा आणि आठ. दोऱ्याचंही सांगितलं.

त्यांनी कापड ताणून पूर्ण केलं. कोपरे दुमडले. मग विचारलं, "पानाच्या खाली पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो. तो?"

"खालची कड वाळवीनं खाल्लेली आहे. तुम्ही पट्टी लावलीय तिथं."

"हां. लावलीय." त्यांनी पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "एकच जोडपान सुटं होतं, जैबू. बाकी सगळं शिलाईत होतं. आणि सहा पानांचे जुज दोन होते. एक अलीकडं, एक पलीकडं. ह्यातलं की त्यातलं, एवढंच ठरवायचं होतं."

"मग?"

"शाई पलीकडच्याशी जास्त जुळली. काळी होती. लावून टाकलं."

"वाचून नाही बघितलं?"

अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, आणि मला वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"मला अरबी वाचता येतं," ते म्हणाले. "कळत नाही. तुला जसं येतं तसंच मला येतं."

मी खाली पडलेला कापडाचा तुकडा उचलला.

"लोक म्हणायला लागले, दस्तगीरभाई वाचून बांधतात. मी नाही म्हटलं नाही. बरं वाटायचं. मोठे पीरजादेसाहेब किताब देताना म्हणाले, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही जाणते. ते हाकेच्या अंतरावर राहत होते, जैबू. आठ दिवस ते जोडपान माझ्या हातात होतं. उठून शंभर पावलं जायचं आणि विचारायचं, साहेब, हे कुठलं? पण विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं."

बाहेर रस्त्यावरून एक टांगा गेला. मी पटकन म्हटलं, "अब्बा, कुणाला सांगायची गरज नाही. मी सरांना म्हणते, पानं सापडली. आधीच्या कुठल्या तरी जिल्दसाजानं चुकीची लावली होती, तुम्ही होती तशी बांधलीत. त्या ग्रंथाच्या दोन-तीन जिल्दी तरी आधी झाल्या असतील. कुणाला खोटं वाटणार नाही."

त्यांनी पुठ्ठा बाजूला ठेवला. रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, नखांतली लई काडीनं काढली. खुंटीवरचा काळा कोट घातला, टोपी सारखी केली. "चल," म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा मुनीरभाईही आलेले होते, बैठकीचे कागद घेऊन. अब्बांना बघून ते जरा सावरून बसले. मी सरळ टेबलापाशी गेले, पुरवणीतलं पान उघडलं आणि सरांपुढं सरकवलं.

"सर, तोय आणि काफ इथं आहेत."

सरांनी आकृती पाहिली. मग बाजूचा मजकूर वाचायला लागले. आधी मनात, मग पुटपुटत, मग मोठ्यानं. मध्येच त्यांनी दोन्ही हात टेबलावर आपटले.

"हेच! अहो हेच! 'माझं मत असं, की मोठ्या वर्तुळाला मध्यापासून हलवू नये, लहान वर्तुळावर आणखी एक लहान वर्तुळ फिरवावं.' चंद्र जवळ येतच नाही मग! कागदी बाई, तुम्हाला अरबी येत नाही ना?"

"नाही. मी बिंदू जुळवले."

"बिंदू जुळवले म्हणते ही!" सर पीरजादेसाहेबांकडं वळले. "मी दीड दिवस भाषा वाचत बसलो, आणि हिनं बिंदू जुळवले."

मग त्यांनी पुरवणीतला मजकूर तपासला. ते जोडपान वगळलं की डोंगराचं वाक्य डोंगराला मिळत होतं. चंद्राकडचंही पाहिलं, 'आता मी माझं मत सांगतो' याच्या पुढं 'माझं मत असं' नीट बसत होतं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पीरजादेसाहेबांनी डोळे मिटून अल्लाचे आभार मानले. मुनीरभाई कागद चाळवत होते.

"म्हणजे पानं आहेत," ते म्हणाले. "मग मला काही लिहायचं नाही. दस्तगीरभाई, मनावर घेऊ नका. मंडळाच्या वतीनं विचारावं लागतं."

"अशा चुका फार सापडतात," सर हसत म्हणाले. त्यांना आता सगळं जग चांगलं दिसत होतं. "दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा कारागिरानं घोळ घातला असेल. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक चंद्र नि डोंगर!"

मी घरी जे बोलले होते तेच सर न विचारता बोलून मोकळे झाले होते. आता कुणी खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती. नुसतं गप्प बसलं की झालं. मी अब्बांकडं पाहिलं.

ते दाराजवळच उभे होते. "नाही साहेब," ते म्हणाले. "दोनशे वर्षांपूर्वीचा नाही. मीच तो."

सर गोंधळले. "म्हणजे?"

"हे जोडपान माझ्याकडे सुटं आलं होतं. जागा दोन होत्या. मी चुकीची धरली. ह्याच्या आधी ज्यांनी कुणी बांधलं, त्यांचं काम चोख होतं. त्यांच्या शिलाईची भोकं अजून आहेत, मी दाखवतो."

"असेल हो," पीरजादेसाहेब घाईनं म्हणाले. "बावीस वर्षं झाली. कोण विचारतंय आता?"

"कोणी विचारत नाही म्हणून तर सांगतो." अब्बा टेबलापर्यंत आले. "कालपासून मला चोर म्हटलं गेलं. मी चोर नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसू शकलो. आता तुम्ही एका मेलेल्या माणसावर माझी चूक घालताय. तो तर येऊन सांगूही शकत नाही."

मुनीरभाईंच्या हातातले कागद हलायचे थांबले.

"आणि आणखी एक," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज थोडा खाली गेला, पण शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "मला अरबी वाचता येतं, समजत नाही. गावात लोक वेगळं समजतात. मी समजू दिलं. तुमच्या वालिदसाहेबांनाही समजू दिलं. त्यातनंच हे झालं."

घरात चार भिंतींत बोललेलं ते इथं, मुनीर सौदागरांसमोर बोलत होते. उद्या सगळ्या पेठेत होणार होतं. मला वाटलं त्यांचा हात धरावा आणि बाहेर न्यावं. हे मी आज लपवत नाही, त्या क्षणी मला त्यांची लाज वाटली. पण ती फार टिकली नाही. ते बोलून झाल्यावर अंग आखडून, मान खाली घालून उभे राहतील असं मला वाटलं होतं. ते तसे उभे नव्हते. आदल्या दिवशी मागं बांधलेले हात त्यांनी पुढं घेतले आणि ग्रंथावर ठेवले.

"माझ्यावर भरवसा असेल तर शिलाई उसवून पानं जागेवर लावतो. नसेल तर पुण्याला न्या, तिकडं चांगले कारागीर आहेत."

पीरजादेसाहेब खुर्चीतून उठले. संधिवातामुळं ते सहसा कुणासाठी उठत नसत. "ही किताब ह्या घराबाहेर जाणार नाही," ते म्हणाले, "आणि दुसऱ्या कुणाचा हातही तिला लागणार नाही. इथंच बसून करा."

मुनीरभाई उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं परत आले, तेव्हा त्यांच्या मागून आमच्या दुकानातला पुस्तकं दाबायचा शिकंजा घेऊन हमाल आला. इतका जड शिकंजा अब्बांनी या वयात उचलू नये म्हणून ते स्वतः जाऊन घेऊन आले होते. माफी वगैरे त्यांनी कधी मागितली नाही. मला वाटतं, शिकंजा आणणं हीच त्यांची माफी.

सर एक दिवस जास्त राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून काम सुरू झालं. अब्बांनी दोरा कापला, ओल्या फडक्यानं पाठीची लई भिजवून सोडवली. एकेक जुज सुटा झाला. मग ते सरांना म्हणाले, "साहेब, एक विचारू? शिवायच्या आधी प्रत्येक जुजात काय आहे, ते सांगाल का? मराठीत. माझ्यासाठी."

सरांनी सांगितलं. पंधरा जुज, प्रत्येकावर पाच-दहा मिनिटं. आकाश म्हणजे काय, गोल म्हणजे काय, सूर्य वर्षभर एकसारखा का चालत नाही. अब्बा सुईत दोरा ओवून मांडीवर हात ठेवून ऐकायचे, मान हलवायचे, मग शिवायचे. चंद्राचा जुज आला तेव्हा सर मला म्हणाले, "इथं तुम्हीच सांगा, बाई."

मी कंपास घेतला. रद्दीतल्या कागदावर मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या काठावर लहान, लहानाच्या काठावर आणखी लहान. चंद्र कुठं बसतो ते दाखवलं. पौर्णिमेला कुठं, अष्टमीला कुठं. अंतर मोजून दाखवलं. वर्गात बोलते तशीच बोलत होते. बोलता बोलता विसरून गेले, की समोर माझे वडील बसलेत.

"म्हणजे ग्रंथात होतं एक," अब्बा म्हणाले, "आणि ह्याला दिसलं दुसरं."

"हो."

"आणि ह्यानं विचारलं, असं का."

"हो, अब्बा."

ते आकृतीकडं बघत राहिले. "मोठा माणूस," म्हणाले आणि जोडपान उचलून त्याच्या जागी ठेवलं. शिवण्याआधी मला दाखवलं. "बघ, बरोबर?" चाळीस वर्षं जिल्दी बांधलेल्या माणसानं कुणाला तरी विचारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मी तोय आणि काफ पुन्हा एकदा ताडून पाहिले. बरोबर आहे म्हटलं, तेव्हा त्यांनी सुई घातली.

संध्याकाळच्या आत जिल्द शिकंज्यात गेली. वाळायला दोन दिवस लागले. ती काढायला अब्बा एकटेच गेले होते, माझी शाळा सुरू झाली होती. पीरजादेसाहेबांकडून त्यांनी शेवटच्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहायची परवानगी मागून घेतली, एवढं मला नंतर कळलं. पुस्तकात आपली चूक कुणी लिहून ठेवतं का, असं पीरजादेसाहेब म्हणाले म्हणे. अब्बा म्हणाले, माझ्या चुकलेल्या शिलाईची भोकं बघून उद्या कुणी आधीच्या माणसालाच बोल लावेल. मला वाटलं, तेवढंच लिहिलं असेल. मी कधी विचारलं नाही.

गावात बोलणं झालंच. दस्तगीरभाईंना अरबी येत नाही म्हणे. काही लोक हसले. पुस्तकं येणं मात्र थांबलं नाही. अरबी किताब आली की अब्बा सरळ म्हणायचे, "ह्यातलं मला कळत नाही, कुणाला तरी घेऊन या." आणि लोक घेऊन यायचे. पुढं अकरा वर्षं त्यांनी काम केलं.

ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त व्हायला थोडे दिवस राहिले असताना, संग्रहातल्या ग्रंथांचे फोटो काढायला काही तरुण मंडळी आली. त्यांतल्या एका मुलीनं मला शाळेत फोन केला. "मॅडम, जैबुन्निसा कागदी म्हणजे तुम्हीच का? तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

मी गेले. शिवण तशीच घट्ट होती. तिनं ग्रंथ शेवटच्या पानावर उघडून माझ्यासमोर ठेवला. अब्बांचं ठळक, थोडं तिरकं बाळबोध अक्षर मी लगेच ओळखलं.

"ह्या किताबातील चंद्राची दोन पाने मी सन १९६२ मध्ये चुकीच्या जागी शिवली. अर्थ समजत नव्हता व विचारले नाही. चूक माझी आहे, माझ्या आधीच्या कारागिराची नाही. सन १९८४ मध्ये माझी मुलगी जैबुन्निसा, बी.एस्सी., हिने आकृती पाहून ती जागेवर आणली. चंद्र कसा फिरतो हे तिने मला समजावून सांगितले. आता समजले आहे. दस्तगीर गुलाब कागदी, जिल्दसाज, जुन्नर."